हिरुदादाचे दोन आटे

हिरुदादा सुटला.

आज, मंगळवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मी चष्म्याच्या दांडीचा ढिला स्क्रू पिळत बसलो होतो.

त्याची मुलगी सुमन म्हणाली, “काका, बाबा सुटले.”

मी म्हणालो, “अरे वा! गाडी पाठवू का न्यायला?”

मला वाटलं, डिस्चार्ज मिळाला.

“गाडी नको, काका. खांदा द्यायला या,” ती म्हणाली. मग मला कळलं.

दोन वर्षं अर्धांगानं पडून होता. खरं सांगतो, रडू नंतर आलं. आधी हायसं वाटलं.

तुमच्यापैकी बरेच जण त्याला हिराजी मिस्त्री म्हणून ओळखतात. मला तो भेटला साठच्या दशकाच्या सुरुवातीला. मी एकोणीसचा, तो चोवीसचा.

माझी शाळा सातवीत सुटली होती. हिरुदादा मिस्त्री होता त्या पनवेलच्या गॅरेजमध्ये आठ दिवसांच्या बोलीवर लागलो होतो. मालकाला पसंत पडलो तर कायम, नाहीतर घरी. घरी आई आणि दोन बहिणी. कमावणारं कोणी नाही.

सातव्या दिवशी ती जीप आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात विकलेली जुनी जीप. मिठागरावर कामाला होती. बांधावरून घसरली आणि पुढच्या दोन चाकांना जोडणारा टाय रॉड वाकला. स्टिअरिंग एकीकडे, चाकं भलतीकडे.

रॉड काढायचा, सरळ करायचा, परत बसवायचा. स्पेअर पनवेलमध्ये नव्हता.

रॉडच्या टोकाला निमुळता बोल्ट असतो. तो भोकात पाचरीसारखा बसतो. इथे तर वर्षानुवर्षं खारं पाणी मुरलेलं. सगळं गंजून एकजीव.

हिरुदादा जेवायला घरी निघाला. जाताना म्हणाला, “रॉकेल सोडून ठेव. मी येईस्तोवर हात लावू नको.”

मी हात लावला.

मालकाला दाखवायचं होतं ना, की मला येतं.

नट पूर्ण काढला आणि बोल्टच्या टोकावर हातोडा घातला. अकरा घाव. मला मोजायची सवय आहे.

बोल्ट तसूभर हलला नाही. टोक मात्र अळंबीसारखं पसरलं. नट परत चढेना. म्हणजे रॉड सुटला तरी बसवता येणार नाही.



हिरुदादा आला. खाली वाकला. टोकावरून अंगठा फिरवला.

“काय केलंस?”

“काही नाही.”

“काही नाय? मग हे काय आपोआप फुललं?”

मी हातोडा पायानं मागे सारला.

“डोक्यात मारलंस?”

“हो.”

“डोक्यात मारून कोण सुटतं रं? कुशीत मारायचं.”

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. कानस घेतली आणि गाडीखाली आडवा झाला. पाऊण तास टोक घासत होता, बोल्टच्या पेचाचा एकेक आटा मोकळा करत. मग नट चढवला, पण दोनच आटे.

“पूर्ण का नाही?” मी विचारलं.

“सुटला की उसळतो. दोन आटे असले की नटावर अडतो. तुझ्या थोबाडावर येत नाय.”

बोल्ट ज्या लोखंडात अडकला होता, त्याच्या एका बाजूला त्यानं मला जड हातोडा टेकवून धरायला लावला. समोरच्या बाजूनं स्वतः दुसऱ्या हातोड्यानं मारलं.

एक. दोन. तिसऱ्याला ‘टक्’ झालं आणि रॉड नटावर लोंबकळला.

“सुटला!” हिरुदादा ओरडला.

ते ऐकून मालक बाहेर आला. वाकून बघितलं. “हे टोक कोणी घासलं?”

“मी, शेठ. मिठानं खाल्लं व्हतं.”

“आणि हा काय करत होता?”

“हातोडा धरून व्हता. हात हलला नाय याचा.”

माझा हात तेव्हाही थरथरत होता. मी तो पाठीमागे लपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जीप गेली. मी कायम झालो. पुढे आमच्या दोन्ही बहिणींची लग्नं त्याच नोकरीवर झाली.

मी काढलेला प्रत्येक पार्ट वहीत लिहायचो. त्या संध्याकाळी लिहिताना अडलो. विचारलं, “दादा, टाय रॉड एन्ड सुटला लिहू की सुटले?”

तो हात धूत होता. “अरं बाबा, ला लिव नायतर ले लिव! सुटलं ना एकदाचं? आमी काय वाचणार हाय व्हय?”

त्याला वाचता येत नव्हतं. पण पुढे कित्येक वर्षं, काही अडकलेलं निघालं की मला चिडवायचा, “गुरुजी, ला की ले?”

गेल्या गुरुवारी हॉस्पिटलमध्ये त्याची नखं कापायला गेलो. उजवी मूठ आवळलेली. कोपर वळत नाही, मान वळत नाही. अख्ख्या तालुक्यातलं अडकलेलं सोडवणारा माणूस, आणि ही गत.

मी एकेक बोट हळूहळू सोडवत होतो. तो माझ्याकडे बघत होता. त्याचे शब्द फार थोडे उरले होते, तेही तुटक.

म्हणाला, “दोन... आटे.”

मी म्हणालो, “काय दादा?”

“दोनच... राहिले.”

आणि अर्ध्या तोंडानं हसला.

मी मान खाली घालून नखं कापत राहिलो. करंगळी शेवटची.

आज फोन ठेवल्यावर ती वही काढली. शाई फिकट झालीय, पण वाचता येतं. शेवटचं पान कोरं होतं. तारीख घातली, वेळ घातली, त्याचं नाव लिहिलं. आणि इतक्या वर्षांनी परत तिथेच अडलो.

सुमन ‘सुटले’ म्हणाली. तिचं बरोबर आहे, तिचे ते वडील.

मी ‘सुटला’ लिहिलं.

अकरा वाजता त्याच्या राहत्या घरून निघायचं आहे. ओळखीच्यांनी यावं.

दादा, ये आता. माझा हात आजही हलतोय, पण ते कोणाला सांगू नकोस.