तटावरची हिरवळ

परवा आमच्या सरोजिनी नगरातल्या सरकारी क्वार्टरच्या जिन्याला रंगारी चुना लावत होते आणि त्या ओल्या वासानं मी थेट जुन्या तटापाशी जाऊन पोचले. शहराच्या जुन्या तटबंदीची ती दगडी भिंत दुरुस्त करून भोवती बाग करायची होती. आमच्या घराण्यातली पहिली पदवी घेऊन मी त्या कामावर तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर होते. तटाच्या माथ्यावर माझ्या वरिष्ठ सरांनी लॉन आखलं होतं आणि नमुन्याचा तुकडा आठ दिवस पाणी पीत होता. इन्स्पेक्शनच्या सकाळी मी खालून भिंतीला हात लावला, तर सांध्यांतला चुना ओला होऊन बोटांना लागला. वर पाहिलं, भिंत बाहेर फुगून तिला पोट आलं होतं, आणि तपासणीला आलेले मोठे साहेब फोटोसाठी नेमके त्याखाली उभे. ‘सर, वहाँ से हटिए!’ मी ओरडलेच. आमचे सर हसून म्हणाले, ‘माली की बेटी है, घास तो सिखाएगी ही.’ माझे कान तापले. नोकरी गेली असंच वाटलं, तरी म्हटलं, ‘जी सर, माली की ही हूँ. लॉन की दूब को रोज़ पानी चाहिए, और वो सारा पानी दीवार में जा रहा है.’ कामावरच्या म्हाताऱ्या गवंड्यानं भिंतीवर हातोडीनं हलकेच ठोकलं. पोकळ आवाज आला. ‘बिटिया ठीक कह रही है,’ तो म्हणाला, तसे साहेब झटकन मागे सरले. लॉन त्याच दिवशी निघालं. आता तिथे पावसावर जगणारं रानगवत आहे, उन्हाळ्यात पिवळं पडतं. फिरायला आलेले म्हणतात, ‘देखो, कोई ध्यान ही नहीं देता.’ मी भिंतीला हात लावून बघते. कोरडी असते.