दीड स्वर खाली: अबुधाबीत एक म्हातारा बँड

ज्या बँडने आत्तापर्यंत तीनदा ‘शेवटची टूर’ केली, त्याची चौथी शेवटची टूर ऐकायला पुण्याहून अबुधाबीला जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे. मी केला. तिकीट दादाने काढलं होतं. बँडचं नाव लिहीत नाही, कारण त्यांचे चाहते कमेंटमध्ये येऊन अंगावर धावतात आणि एके काळी मीही तेच करायचे. अमेरिकन हार्ड रॉक एवढं समजलं तरी पुरे.

जायचं खरं कारण दादा. कॉलेजात आमचा बँड होता, तो गायचा आणि मी कीबोर्डवर. बारा वर्षांपूर्वी, दादा दुबईला राहायला गेल्यावर, तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, चार भावगीतांच्या मध्ये, आम्ही ह्याच अमेरिकन मंडळींचं एक गाणं घुसवलं होतं. तालमीत दादा म्हणाला, “शमे, पट्टी जरा उतरव ना, वर जात नाहीये.” मी सगळ्यांसमोर सुनावलं, “जात नसेल तर गाऊ नकोस. उतरवलेलं गाणं म्हणजे गाणंच नव्हे.” तो हसला, कार्यक्रमातून नाव काढून घेतलं, आणि त्यानंतर कधीच गायला नाही. मला त्या बोलण्याची लाज वाटते आणि माफी मागायची हिंमत मला कधी झाली नाही. कॉन्सर्टमध्ये तरी त्याचं तोंड उघडेल, ह्या आशेवर बॅग भरली.

नोव्हेंबरात जा. व्हिसा चार दिवसांत आला. दुबई विमानतळावरून मेट्रोने थेट दादाची वस्ती, डिस्कव्हरी गार्डन्स, गाठता येते, टॅक्सीवाल्यांचं भलं करायची गरज नाही. नाव गार्डन्स असलं तरी बागेपेक्षा पार्किंगच जास्त आहे, आणि तेही कधी मिळत नाही. दादा मला घ्यायला स्टेशनवर पायीच आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. वहिनीला बँकेत ड्युटी होती, म्हणून मागच्या सीटवर दादाची चौदा वर्षांची रेवा. अबुधाबी तासा-सव्वा तासावर आहे, रस्ता सरळसोट आणि कंटाळवाणा. वेळ जावा म्हणून मी बँडचे अल्बम क्रमाने लावले.

पहिला अल्बम त्यांनी एका बंद कारखान्याच्या गोदामात उरकला होता. ड्रम म्हणजे पत्र्यावर गारा, गायक घसा फुटेस्तोवर ओरडतोय, पण खोट शोधून सापडत नाही. दुसऱ्यात पैसा आला, गिटारी भारदस्त झाल्या, आणि आम्ही कॉलेजात वाजवायचो ते गाणं ह्यातलंच. ते सुरू झालं तसं मी हळूच दादाच्या ओठांकडे बघितलं. तो इंडिकेटर देऊन लेन बदलत होता.

तिसऱ्या अल्बमपासून अधोगती. ह्यांनी केस फुगवले, सिंथेसायझर आणला आणि सगळे एकदम प्रेमात पडले.

“आत्या, धिस वन इज सो गुड!” मागून रेवा.

“हे तुझ्या बाबाला विचार.”

“मला आवडतं,” दादा म्हणाला. “व्हॉट टू डू?”

पेट्रोल पंपावर करक चहा घेतला. दोन दिरहम, म्हणजे पन्नास रुपये, आणि खरंच कडक. पुढे चौथा अल्बम: फॅशन बदलली तसे हेही बदलले. चौकड्यांचे शर्ट आले आणि दाढ दुखत असल्यासारखं गाणं आलं. मग स्टुलावर बसून साध्या गिटारींचा एक अल्बम. मग मूळ गिटारवाला आणि गायक नावाच्या हक्कासाठी कोर्टात गेले. नव्या अल्बममध्ये मूळ चौघांतले दोघेच उरलेत आणि अर्धे ड्रम कॉम्प्युटरचे आहेत.

“वारं येईल तशी पाठ फिरवणारी माणसं!” मी म्हटलं.

“अगं, तेच तेच वाजवून बोअर झाले असतील. मी नाही का, साइटवरून आता एक्सेलमध्ये बसलोय?” दादा म्हणाला. “प्रत्येकाला तू पहिल्या अल्बमवरच तोलतेस.”

मी गाण्याचा आवाज वाढवला.

मैदान समुद्राजवळ होतं. गेटवरच्या मल्याळी सिक्युरिटीवाल्याने आमच्या बाटल्या काढून घेतल्या. “मॅडम, पानी अंदर से लेने का. बाहर का खलास.” आतलं पाणी दहा दिरहम, म्हणजे अडीचशे रुपये! संध्याकाळी वारा सुटतो, स्वेटर न्या. माझ्या पुढे पोट सुटलेले, काळे टी-शर्ट घातलेले पन्नाशीचे पुरुष उभे होते, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल उभा.

बँड आला. गायक पायऱ्या जपून चढला. आमच्या कॉलेजच्या गाण्याची सुरुवातीची गिटार वाजली आणि माझं डोकं फिरलं. माझा कान हार्मोनियमवर तयार झालाय. हे गाणं मूळचं पांढरी तीनचं, आणि हे वाजवत होते काळी एकमध्ये. दीड स्वर खाली!

“दादा, उतरवलंय! ही चक्क फसवणूक आहे.”

दादाचं लक्षच नव्हतं. तो गात होता, नुसतं पुटपुटणं नव्हे, तर छाती भरून. तालमीत जी जागा त्याला गाठता आली नव्हती, ती ह्या पट्टीत त्याने सहज घेतली आणि धरून ठेवली. पुढचे दोन काळे टी-शर्ट मागे वळून बघू लागले.

“बाबा, यू कॅन सिंग?” रेवा म्हणाली.

तिने आपल्या बापाचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. ते मी केलं होतं. मला तिथेच रडू आलं.

गाणं संपलं तेव्हा दादा घामाघूम झाला होता. “ह्या पट्टीत मला बसतं गं,” तो म्हणाला.

“दादा, तेव्हा माझं चुकलं. फार चुकलं.”

“काय? ऐकू नाही येत.”

“माझं चुकलं!” मी ओरडले.

“हां,” तो म्हणाला. “यल्ला, चल, आता पुढचं ऐकू दे.”

परत येऊन दोन आठवडे झाले. कुणी विचारलं तर सांगते: बँड दमलाय, पाणी महाग आहे, जायचं तर दादासारखा दादा दुबईत हवा. नवा अल्बम ऐकून बघितला, अजूनही भिकार वाटतो.

परवा ते गाणं काळी एकमध्ये नव्याने बसवलं आणि रेकॉर्ड करून दादाला पाठवलं. ऑफिसला जाताना गाडीतूनच त्याचा व्हॉइस मेसेज आला. घसा खाकरून म्हणाला, “शमे, मस्त गं. पण रोज गायचं तर अजून अर्धा स्वर खाली लागेल. चालेल?”

पांढरी एकमध्ये ते गाणं अगदी बेंगरूळ वाटतं. मी बसून पहिल्यापासून पुन्हा वाजवलं आणि पाठवून दिलं.