पहिली पट्टी कोणाची?

कुहीकडच्या एका गावात मी तिसरीला शिकवते. प्रताप नगरातून रोजचं जाणं-येणं. घटना क्रमानं लिहायचा पाठ सुरू झाला, की घरी सांगायला इतकं साठतं की काही विचारू नका. नवरा म्हणतो, "आधी चहा, मग किस्से!" म्हणजे क्रम त्यालाही येतो!

*

पहिल्या दिवशी लिहायला दिलं, 'उठल्यापासून मी काय केलं'. सम्यकनं लिहिलं, 'मी शाळेत आलो.' पेन्सिल खाली!

"अरे, त्याच्याआधी?"

"आधीचं काहून पाहिजे मॅडम? आलो न मी!"

मी त्याची हजेरी लावली.

*

मग मी कागदाच्या पट्ट्या कापल्या. एका पट्टीवर एक घटना, आणि त्या दोरीवर चिमट्यांनी क्रमानं लावायच्या. विषय दिला, पाहिलेलं लग्न. आर्यननं लावलं: आम्ही जेवलो. आइस्क्रीम खाल्लं. नवरदेव आला. लग्न लागलं.

"उलटं झालं रे!"

"उलटं नाही मॅडम, वरात नाचूनच राहिली होती! बाबा म्हणे, चाल, जेवून घे."

आमच्याकडच्या लग्नांत मीही तेच करते. पूर्ण मार्क दिले.

*

सम्यकच्या प्रत्येक वाक्यात 'मग'. वैतागून म्हटलं, "उद्या एकच 'मग' वापरायचा!" दुसऱ्या दिवशी पान वाचलं, तर एकही नाही.

"एकच देल्ला न तुम्ही! वाचवून ठेवला."

*

एकदा सम्यक आणि आर्यनची जुंपली. दोघांनाही पट्ट्या दिल्या, काय झालं ते क्रमानं लिहा! दोघांचीही पहिली पट्टी: 'त्यानं मले मारलं.'

"मग सुरुवात कोणी केली?"

प्राची शांतपणे म्हणाली, "मॅडम, या दोघायचं भांडण दुसऱ्या पट्टीपासूनच सुरू होते!"

वर्ग खो खो हसला. ती मात्र हसली नाही.

*

तिची आई भांडून माहेरी गेली होती, पारशिवनीला. पंधरवडा उलटला तरी परतली नव्हती. "आई येईन न मॅडम?" पोरगी रोज विचारायची.

त्या आठवड्यात विषय होता, घरची एक घटना. प्राचीनं लावलं: आईनं जेवण वाढलं. बाबांनी ताट ढकललं. आई ओरडली. आई माहेरी गेली.

शाळा सुटली, पोरं पांगली. मी पट्ट्या काढणार, तेवढ्यात तिचे बाबा तिला घ्यायला आले आणि वाचायला लागले. चेहरा लाल! 'आई ओरडली' ही पट्टी त्यांनी काढली आणि ताटाच्या आधी लावली.

"असं झालं होतं, मॅडम. पहिले तीच वरडली."

प्राचीनं पट्टी काढून पुन्हा जागेवर लावली.

"नाही बाबा. मी तिथंच होती."

पट्टीकडे पुन्हा नेलेला हात त्यांनी मागे घेतला. मग खाली बघूनच म्हणाले, "मॅडम, एक कोरी पट्टी द्या जी."

त्यांनी सावकाश लिहिलं, 'बाबा आईले आणाले गेले.' आणि ती पट्टी सगळ्यात शेवटी लावली.

"बाबा, जे झालं तेच लिहायचं असते!" प्राची म्हणाली.

त्यांनी खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली.

"मंग गाडीवर बस न बेटा, होऊनच राहिलं!"