लेकराची पापी

सांगलीला आमच्या चर्चमध्ये दर रविवारी पापकबुली व्हायची. सगळ्यांनी माना खाली घालून एका सुरात म्हणायचं की आम्ही पापी आहोत. मग थोडा वेळ शांतता. त्या शांततेत ज्यानं त्यानं आपापलं पाप मनातल्या मनात देवाला सांगायचं. मी आठ-नऊ वर्षांची असताना मला त्या शांततेची धास्ती वाटायची, कारण माझ्याकडं सांगण्यासारखं काही नसायचं. आठवडाभर शाळा, घरची भांडी आणि धाकट्या भावाला सांभाळणं. यात पाप करायला सवड कुठून मिळणार? एकदा मी भावाचंच पाप उसनं घेतलं. त्यानं शेजाऱ्यांच्या पेरूवर दगड मारला होता, तो मीच मारला असं देवाला सांगून टाकलं. घरी येईपर्यंत काळजी लागली, की आता हे खोटं बोलणं झालं, त्याचं काय?

माझे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांना विचारलं, तर चष्मा पुसत म्हणाले, "आपलं पाप आपल्याला दिसत नाही, हेच मोठं पाप."

"म्हणजे दिसलं तरी पापी आणि नाही दिसलं तरी पापी?"

"हो."

"मग शोधायचं तरी कशाला?"

ते हसले आणि म्हणाले, "जा, आईला लसूण सोलून दे."

तो प्रश्न तिथंच राहिला. पुढं आई गेली, माझं लग्न झालं आणि मी मलकापूरला आले. यजमान कराडच्या एका शाळेत मास्तर होते. बाहत्तरच्या दुष्काळानंतरचे ते दिवस. ख्रिस्ती बिऱ्हाड म्हटल्यावर दोन-तीन घरमालकांनी खोली आधीच गेली म्हणून सांगितलं. शेवटी ज्या बाईंनी आम्हाला आपल्या घराची मागची बाजू दिली, त्यांना सगळी आळी काकी म्हणायची. मराठ्यांचं घर, ऊस मळ्यात, नवरा मिलिटरीत, दोन मुली सासरी गेलेल्या. काकी एकट्याच असायच्या आणि सगळ्यांशी मोठ्यानं बोलायच्या.

माझ्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आई नव्हती, म्हणून ते काकींनीच केलं. दवाखान्यातून मुलीला घेऊन आले त्या दिवसापासून तिची अंघोळ काकींकडं. पाटावर बसून, पाय लांब करून, मुलीला पायांवर पालथी घालून त्या तेल चोळायच्या आणि तिच्याशी उसाच्या भावापासून आळीतल्या सासू-सुनांच्या भांडणापर्यंत सगळं बोलायच्या. मला डिंकाचे लाडू करून आणायच्या. फक्त एक गोष्ट होती. आमच्या घरचं शिजवलेलं त्या कधी खायच्या नाहीत. मी ताट केलं की, "आगं, आत्ताच जेवले बग." कधी उपास, कधी पोट बरं नाही. मला कारण माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. दोघींनीही तो विषय कधी काढला नाही.

मुलगी पाच महिन्यांची झाल्यावर वडिलांचा निरोप आला, की बाप्तिस्मा सांगलीलाच करू. मी काकींना बोलावलं, तेव्हा त्यांनी आधी चौकशी केली.

"म्हंजी काय करत्यात?"

"पाळकसाहेब डोक्यावर पाणी घालतात, नाव ठेवतात, प्रार्थना करतात."

"बारसंच की मग. येते."

शनिवारी एसटीनं आष्ट्यावरून सांगलीला गेलो. काकींनी जरीकाठाचं लुगडं नेसलं होतं आणि मुलगी सगळा रस्ता त्यांच्याच मांडीवर होती.

रविवारी चर्च भरलं होतं. काकी बायकांच्या बाजूला, सगळ्यात पुढच्या बाकावर, डोक्यावर पदर घेऊन बसल्या. आमचे पाळकसाहेब वडिलांचे जुने स्नेही. भारदस्त आवाजाचे, पोट सुटलेले, विनोदाची आवड असलेले. मी मुलीला घेऊन पुढं उभी राहिले, शेजारी यजमान. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं आणि नेहमीप्रमाणे सुरुवात केली, की माणूस जन्मतःच पापी असतो, आपण सगळे पापी आहोत आणि हे बालकही पापातच जन्मलेलं आहे.

"आवं साहेब, जरा थांबा."

मी वळून पाहिलं. काकी उभ्या होत्या.

"कोन पापी? ही?"

वडिलांनी डोळे मिटून घेतले.

"ही पोरगी पाच म्हैन्यांची हाय. तिला अजून धड बसाय येत न्हाई. पाप कवा करंल ती?"

पाळकसाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "काकी, एकट्या तिलाच नाही म्हणत. मीही पापी, तुम्हीही, सगळेच."

"तुमचं तुमी बगा, माजं मी बगते. हिचं सांगा. रोज हिला मी न्हाऊ घालते. कुटं हाय पाप ते मला दावा." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "आमच्यात लेकराची पापी घेत्यात, साहेब. लेकराला पापी म्हनत न्हाईत."

आधी मुलं हसली, मग बायका, मग मागचे पुरुष. माझे यजमान खोकल्याचं निमित्त करून खाली बघू लागले. पाळकसाहेबांनाही हसू आवरेना. ते म्हणाले, "काकी, आत्ता एवढं होऊ द्या. दुपारी जेवताना आपण सावकाश भांडू."

"व्हय, चालंल," म्हणून काकी बसल्या.

पाळकसाहेबांनी पुन्हा पुस्तकाकडं पाहिलं, मग मुलीकडं. पुढचं त्यांनी वाचलं, पण जिथं जिथं तो शब्द येत होता तिथं 'हे बालक' सोडून ते 'आम्ही मोठी माणसं' असं म्हणत गेले. पाणी घातलं तेव्हा मुलीनं जीभ बाहेर काढून ते चाटलं.

दुपारी वडिलांच्या घरी पंगत बसली. भावजयीनं मटणाचा रस्सा, भात आणि भाकरी केली होती. काकींनी पिशवीतून फडक्यात बांधलेली आपली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. "मला उपास हाय," त्या म्हणाल्या. उपासाला भाकरी कशी चालते, हे कुणी विचारलं नाही.

पाळकसाहेब त्यांच्या समोरच बसले होते. त्यांनी त्या भाकरीकडं पाहिलं. घास संपवून ते आपल्या आजोबांविषयी सांगू लागले.

"आमचं गाव तासगावच्या पलीकडचं. आमचं घर गावाबाहेर. विहिरीला हात लावायचा नाही, चहाचा कप वेगळा, देवळाच्या पायरीपाशी थांबायचं. एकदा एक गोरा साहेब गावात आला आणि झाडाखाली उभा राहून सांगायला लागला, की सगळी माणसं पापी आहेत. आजोबांनी लांबूनच विचारलं, 'सगळी? पाटील पण?' साहेब म्हणाला, 'पाटील पण.' 'आणि पुजारी?' 'पुजारी पण.' आजोबा सांगायचे, 'मी त्या दिवशी नाचत घरी आलो.' कारण तोवर गावात विटाळ होता तो फक्त आमचा. हा पहिला माणूस भेटला, ज्यानं सगळ्यांना आमच्या रांगेत आणून बसवलं. म्हणून मला तो शब्द सोडवत नाही, काकी. तुम्हाला तो शिवीसारखा वाटतो. आमच्या घरात त्या शब्दानं माणसं ताठ उभी राहिली."

हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते. लहानपणापासून जो शब्द मला ओझ्यासारखा वाटत आला, तो ऐकून कुणी नाचलं होतं, हे मला नवं होतं. वडील मान हलवत होते. त्यांच्याही घरात अशीच काही गोष्ट असणार, पण त्यांनी ती आम्हाला कधी सांगितली नव्हती.

काकींनी भाकरीचा तुकडा मोडून चटणीला लावला. मग म्हणाल्या, "समद्यास्नी सारकं करायचं हुतं, तर समदी चांगली हायती म्हनायचं हुतं की. समद्यास्नी चिखलात कशाला वडलं?"

"त्या वेळी 'तू चांगला आहेस' म्हटलं असतं तर आजोबांना ते खरं वाटलं नसतं. 'पाटील वाईट आहे' हे लगेच पटलं."

काकी खळखळून हसल्या. हसता हसता त्यांनी आपली भाकरी फडक्यात पुन्हा गुंडाळली, बाजूला ठेवली आणि माझ्या भावजयीला म्हणाल्या, "मला बी वाड गं."

"तुमचा उपास?"

"उपास न्हवता." मग पाळकसाहेबांकडं बघून त्या म्हणाल्या, "एवडं एक पाप हाय माज्यापाशी, कबूल करते. पर साहेब, ते मी जल्माला येताना आनलं न्हाई. ल्हान असताना मी कुनाच्या बी घरात जाऊन खायाची. आईनं मारून मारून शिकवलं, मग सासूनं शिकवलं. ह्या पोरीला अजून कुनीच काय शिकवलं न्हाई. मग आत्तापास्नं तिला कशाला पापी म्हनायचं?"

"काकी," पाळकसाहेब म्हणाले, "याच्यावर मला जरा विचार करू द्या."

"करा की. घाई काय न्हाई." त्यांनी रश्शात भाकरी कुस्करली, घास खाल्ला आणि म्हणाल्या, "तिखट लय कमी हाय."

मी उठून आत गेले. डोळ्यांना पाणी आलं होतं आणि सगळ्यांदेखत ते दाखवायचं नव्हतं. चुलीजवळ उभी राहिले आणि वाटीभर तिखट घेऊन बाहेर आले.

परतीच्या गाडीत काकींनी विचारलं, "तुज्या चर्चात बोलले म्हनून राग आला व्हय गं?"

"नाही, काकी."

"मग बरं," म्हणून त्या मुलीला मांडीवर नीट घेऊन झोपी गेल्या. मला वाटलं होतं, जेवणाची गोष्ट त्या घरी आल्यावर लपवतील. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या आळीला ठाऊक होतं, कारण त्यांनी स्वतःच पाणवठ्यावर सांगितलं. दोन बायकांनी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. काकींना त्याचा काही त्रास झाल्याचं दिसलं नाही. उलट रोज संध्याकाळी त्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन, "काय केलंस आज?" म्हणून झाकणं उघडून बघायला लागल्या. माझ्या आमटीला त्यांनी कधीच चांगलं म्हटलं नाही, पण खाल्ली मात्र नेहमी.

तिकडं सांगलीत एक-दोन वडीलधाऱ्यांनी पाळकसाहेबांकडं तक्रार केली, की बाहेरच्या बाईनं उपासनेत अडथळा आणला आणि तुम्ही शब्द बदलले. ते म्हणाले, "बदललेले शब्द खोटे असतील तर दाखवा." कुणी दाखवले नाहीत. पुढं उसाच्या हंगामात ते मलकापूरला येऊन गेले, काकींच्या ओसरीवर बसून रस प्याले. त्यांचं उत्तर अजून तयार झालं नव्हतं, तरी दोघांचा वाद दुपारभर चालला.

माझं म्हणाल तर मी दोघांचंही घेतलं. 'कुणीच वरचा नाही' हे पाळकसाहेबांच्या आजोबांचं मला पटतं. पण माणूस जन्मालाच डागाळलेला येतो, हे त्या दिवसापासून मला म्हणता आलेलं नाही. पापकबुलीच्या शांततेत मी आता त्या आठवड्यात जे खरोखर केलं असेल तेवढंच सांगते. कुणाला लागेल असं बोलले असेन तर ते. काही नसेल तर आभार मानून गप्प बसते. देवाला यात काही गैर वाटत असेल असं वाटत नाही.

तीन वर्षांनी मुलगा झाला. तोवर आमच्या पाळकसाहेबांची बदली झाली होती, आणि काकींचे यजमान सुट्टीवर आल्यामुळं त्यांना येता आलं नाही. नवे पाळक तरुण होते, शब्द न् शब्द पुस्तकातला वाचत होते. हे बालक पापात जन्मलेलं आहे असं ते म्हणाले, तेव्हा मी मुलाच्या कानाशी वाकून हळूच सांगितलं, "तुझ्याबद्दल नाही हे." तेवढ्यात त्याच्या डोक्यावर गार पाणी पडलं आणि त्यानं असा काही टाहो फोडला, की पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही.