दार उघडायचा सण

माझं लहानपण पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. नागपुरात आमच्या घरी देव्हारा नव्हता, छापून आलेले गठ्ठे होते. बाबा मिरवणुकांविरुद्ध लिहायचे आणि मी शाळा सुटल्यावर ते चौकात वाटायचे. पुढे नोकरीसाठी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या, स्पॅनिश लोकांनी वसवलेल्या या गावात आले आणि खोली मिळाली ती नेमकी चर्चच्या गल्लीत. जानेवारीत तीन राजांच्या सणाचा केक, वसंतात खांद्यावरून निघणारी मूर्ती, जुलैत होड्यांवर पाणी शिंपडायचा सोहळा, नोव्हेंबरात थडग्यांवर झेंडू. माझ्या खिडकीखालून सगळं वाजतगाजत जायचं.

घरमालकीण मेक्सिकोच्या. मी त्यांना काकू म्हणते. अर्थ सांगितल्यापासून त्या या हाकेला ओ देतात. त्यांचे यजमान, म्हणजे काका, मासेमारी करतात. काकांकडे या देशात राहायची कागदपत्रं नाहीत, आणि यंदा उन्हाळ्यात गावात अशांची धरपकड सुरू झाली. जुलैत होड्यांवर पाणी शिंपडलं तेव्हा काका स्वयंपाकघरात बसून होते.

मी मला येतं ते केलं. इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये पत्रक छापलं: न्यायाधीशाची सही असलेलं वॉरंट दाखवल्याशिवाय कुणालाही दार उघडू नका. गल्लीतल्या प्रत्येक घरी दिलं. त्यातला शब्दही मी आज बदलणार नाही.

डिसेंबरात मात्र दारं ठोठावण्याचाच सण असतो. नाताळाआधीच्या नऊ संध्याकाळी लोक येशूच्या आईबापांच्या वतीने गात घरोघरी निवारा मागतात. आतले गाऊनच नकार देतात. शेवटच्या संध्याकाळी शेवटचं दार उघडतं, आणि ते दार वर्षानुवर्षं काकूंचं.

"या वर्षी चर्चमध्येच करा ना," मी म्हटलं.

"चर्चचं दार उघडंच असतं. तिथे कुणी ठोठावतं का?" काकू म्हणाल्या. "पोरी, तुझ्या कागदाचं मी सगळं ऐकलं. पण आमचंही बंद राहिलं तर ती माणसं जाणार कुठे?"

"तिला काय विचारतेस?" काका आतून म्हणाले. "तिच्या घरी देवसुद्धा मुक्कामाला येत नाही!"

बाबांना फोन केला तर ते आधी पोटभर हसले. "म्हणजे आता मिरवणुकीचा बंदोबस्त तुझ्याकडे?" मग आवाज एकदम खाली आला. "तुझ्या व्हिसाचं काय? तू लांब राहा बेटा." आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना रस्त्यावर उतरा म्हणणारा माणूस! मी रागाने फोन ठेवला. पण तीच भीती मलाही होती.

नऊपैकी आधीच्या एका संध्याकाळी मी लोकांबरोबर चालले. ज्या घरांना मी पत्रक दिलं होतं तिथले दिवे बंद होते. आतून नकारही कुणी गाईना. शेवटी बाहेरच्यांनीच दोन्ही बाजू गायल्या आणि पुढे निघाले.

नवव्या संध्याकाळी आम्ही तिघं आत होतो. बाहेर गाणं सुरू झालं. काकांनी नकार गायला, जुलैनंतर पहिल्यांदा एवढ्या मोठ्या आवाजात. तो रस्त्यापर्यंत जात असणार, म्हणून मी खिडकीशी गेले. पडद्याच्या फटीतून मी एकेक चेहरा पाहत होते. मागे एक उंच माणूस होता, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. तो गात नव्हता.

"थांबा. तो कोण आहे?"

काकूंनी पाहिलं. "माहीत नाही."

"मग उघडू नका."

बाहेरचं गाणं संपलं. कुणी पुन्हा ठोठावलं नाही, सगळे नुसते उभे राहिले. काकूंचा हात कडीवर होता, पण त्या माझ्याकडे पाहत होत्या. काका पुढे आले, काकूंचा हात हळूच बाजूला केला आणि कडी काढली.

लोक थंडीसकट आत आले. उंच माणूसही आला. कुणीही त्याला नाव विचारलं नाही; त्या रात्री आलेल्याला विचारायचं नसतं म्हणे. त्याने टोपी काढली नाही. भिंतीला टेकून त्याने मक्याच्या पानात उकडलेले तमाले खाल्ले, आणि ताट पुढे करून आणखी मागितले. काका स्वतः वाढायला निघाले. मी त्या दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिले. माझ्या हातातलं जेवण तसंच होतं, आणि लोक अजून येत होते म्हणून दार कुणी लावत नव्हतं.