पूर्ण गुणांचं उत्तर

काकूच्या दंडावरचे निळे डाग मी पहिल्यांदा पाहिले ते दिवाळीत. सिहोऱ्याच्या आमच्या घरी सगळे जमले होते. शेतातल्या बांध्यांमधलं धान कापणीला आलं होतं आणि काकू करंज्या लाटत होती. पदर खांद्यावरून सरकला तशी मी विचारलं, "काकू, हे काय लागलं तुला?"

"कोठी लागलं वं? आपोआपच येऊन राह्यले," ती हसून म्हणाली. "दात घासताना रगतबी येते सकारी."

मी लाटणं तिच्या हातातून काढून घेतलं. तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाल रंगाचा मागमूस नव्हता.

मी तेव्हा मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवत होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. काकूला मी एकच विचारलं, "कोणतं औषध घेतलंस?" उत्तर तिच्या थोरल्या मुलानं, माझ्या चुलतभावानं दिलं. पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत काकूला हगवण लागली होती. त्यानं तिला तालुक्याच्या गावी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं कॅप्सूल दिल्या आणि दुसऱ्याच दिवशी हगवण थांबली. मग पुन्हा कधी पोटात गुडगुडलं की हा स्टँडजवळच्या दुकानातून त्याच कॅप्सूल आणून द्यायचा.

"लय गुणाचं औषध हाये ताई," तो म्हणाला आणि कोनाड्यातली उरलेली पट्टी त्यानं मला आणून दाखवली.

क्लोरॅम्फेनिकॉल आणि स्ट्रेप्टोमायसिन, दोन्ही एकत्र. पट्टीवरची ती दोन नावं वाचताना माझे कान तापले. क्लोरॅम्फेनिकॉल हे विषमज्वरावरचं मोलाचं औषध. पण एखाद्याच्या हाडांतला मगज ते असं सुकवून टाकतं की नवं रक्त तयार होणंच थांबतं. म्हणून जिथे त्याच्यावाचून इलाज नाही तिथेच ते द्यायचं. चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या आणि बोडीचं, म्हणजे शेताजवळच्या तळ्याचं पाणी पिणाऱ्या बाईच्या साध्या हगवणीला नाही. तिला मीठ-साखरेचं पाणी आणि दोन दिवसांची विश्रांती पुरली असती.

मी काकूला माझ्याबरोबरच नेलं. आमच्या वॉर्डात तिच्या छातीच्या हाडातून मगज काढून पाहिला, तो जवळजवळ रिकामा निघाला. चुलतभावानं रक्त दिलं, माझ्या विद्यार्थ्यांनी दिलं. दिलेलं रक्त थोडे दिवस टिकायचं, मग पुन्हा नाकातून धार लागायची. एका दुपारी तिनं माझं मनगट धरलं.

"मले का झालं वं? तू तं औषधाचीच मास्तरीण हायेस."

"औषधानंच झालं, काकू."

"औषधानं तं बरं होतेत," ती म्हणाली. मी गंमत करते आहे असं तिला वाटलं असावं. थंडी संपायच्या आत ती गेली.

तेरवी झाली आणि मी चुलतभावाला म्हटलं, मला त्या डॉक्टरकडे घेऊन चल. तो नको म्हणत होता. "आता का फायदा ताई? मायले आणून देनार हायेत का ते?" मी ऐकलं नाही. दवाखान्यासमोर सायकली आणि बैलबंड्या उभ्या होत्या, बाकावर माणसं दाटीनं बसली होती. पडदा सारून मी आत गेले आणि डॉक्टर खुर्चीतून ताडकन उठला.

"मॅडम! तुम्ही इथे?"

तो माझाच विद्यार्थी होता. पहिल्या बाकावर बसणारा, हुशार, नीटनेटक्या अक्षराचा. माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरले.

"क्लोरॅम्फेनिकॉलचे दुष्परिणाम सांगा," मी म्हटलं.

त्याला आधी हसू आलं. मग माझा चेहरा पाहून तो सरळ उभा राहिला आणि वर्गात सांगावं तसं सांगू लागला. अस्थिमज्जा निकामी होणं. नवजात बाळ राखाडी पडून दगावणं. आतड्यातल्या उपयोगी जंतूंचा नाश. क्रम बरोबर, एकही मुद्दा सुटला नाही. परीक्षेत या उत्तराला मी पूर्ण गुण दिले असते, कदाचित दिलेही होते.

"माझी काकू त्यातल्या पहिल्या मुद्द्यानं मेली," मी म्हटलं. "औषध तुम्ही दिलं होतं. पावसाळ्यात, हगवणीला."

तो पांढराफटक पडला. बाहेरचा गलबला थांबला होता, बाकावरचे लोक ऐकत होते. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, हे फार क्वचित होतं."

"क्वचित होतं म्हणूनच गरज असेल तरच द्यायचं. तिला गरज काय होती?"

"लोकांना लगेच गुण पाहिजे असतो. मीठ-साखरेचं पाणी सांगितलं तर म्हणतात, डॉक्टरले काई येत नाई. समोरच्या दवाखान्यात जातात. आणि औषध कंपनीचा माणूस..." तो थांबला. "कॉलेजातलं वेगळं असतं, मॅडम. ते परीक्षेपुरतं."

माझ्या तोंडून काय काय निघालं ते आता सगळं आठवत नाही. खुनी हा शब्द मात्र मी वापरला, आणि तो परत घ्यावा असं मला आजही वाटत नाही. शेवटी चुलतभावानं मला दंडाला धरून बाहेर आणलं. आम्ही रस्ता ओलांडायच्या आत बाकावरचा पुढचा माणूस पडद्याआड गेला होता.

कॉलेजात परतल्यावर मी विभागप्रमुखांकडे गेले. आमची मुलं तासन्‌तास काजळी धरलेल्या कागदावर बेडकाच्या हृदयाच्या ठोक्यांच्या रेघा काढत होती. कोणताही दुकानदार ठेवत नाही अशी मिश्रणं खलबत्त्यात घोटत होती. रोग्याला औषध कधी द्यायचं नाही, हे शिकवायला वेळापत्रकात एक तास नव्हता. मी तो तास मागितला.

"अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं, बाई," प्रमुख म्हणाले. "दुःखात आहात. थोडी रजा घ्या."

रजा घेतली नाही. त्या वर्षीच्या तोंडी परीक्षेत मी प्रत्येकाला काकू विचारली. रोवणी करणारी बाई आहे, कालपासून हगवण आहे, ताप नाही, काय द्याल? मुलांनी अँटिबायोटिकांची नावं धडाधड सांगितली. एकानं तर तीच कॅप्सूल सांगितली, तिच्या बाजारातल्या नावासकट. पाणी कोणीच सांगितलं नाही. मी गुण कापले. बाहेरून आलेले परीक्षक चिडले, म्हणाले हा प्रश्न औषधशास्त्राचा नाहीच. आमचं इतकं वाजलं की व्हरांड्यातली मुलं खिडकीशी जमली. पुढच्या वर्षी परीक्षेच्या कामातून माझं नाव वगळलं गेलं.

नंतर प्रमुख बदलले. विद्यार्थ्यांना खेड्यात न्यायचं सरकारचं धोरण आलं आणि कॉलेजला एक बस मिळाली. ती बस सिहोऱ्याला नेण्याची परवानगी मी काढली. आमच्या घराच्या ओसरीवर मुलांना बसवलं. शेजारपाजारच्या बायका आल्या. एकेका विद्यार्थ्यानं एकेका बाईला औषध समजावून सांगायचं होतं, तिच्या भाषेत, एकही इंग्रजी शब्द न वापरता. निम्म्या मुलांना घाम फुटला. एक मुलगी मात्र छान बोलली. हगवण लागली तर पाणी कसं उकळायचं, मीठ किती, साखर किती, गोळ्या कायले नाई घ्याच्या, सगळं तिनं नीट सांगितलं. बायका माना डोलवत होत्या.

चुलतभाऊ खांबाला टेकून ऐकत होता. आईचं नाव निघेल म्हणून तो सकाळपासून कोणाशी बोलला नव्हता. आता तो पुढे आला.

"बाई, तुमी डॉक्टर झाल्यावरबी असंच सांगान का?" त्यानं त्या मुलीला विचारलं. "बाहेर लोकं बसले असन, समोर दुसऱ्याचा दवाखाना असन, तवाबी?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली.

तो मान हलवून आत गेला आणि त्यानं सगळ्यांसाठी चहा ठेवायला सांगितला. परतीच्या बसमध्ये ती मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. "मॅडम, माझं चुकलं का?" तिनं विचारलं. नाही, असं मी म्हटलं. मग चिडू नका, असंही ती म्हणाली. तालुक्याच्या गावातून बस गेली तेव्हा माझ्या त्या विद्यार्थ्याच्या दवाखान्यासमोर पूर्वीसारखीच गर्दी होती, आणि पाटी नवी, मोठी लावली होती.

"तुझ्यावर नाही, पण चिडणार," मी तिला म्हटलं. "आणि उद्याच्या तासाला तू पहिल्या बाकावर बस."