अठ्ठावन्न किलो

मास्तर वॉर्डात आले तेव्हा स्ट्रेचरवरही त्यांच्या शर्टाची कॉलर ताठ होती. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. दुकानाच्या पायरीवरून घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. त्यांना दाखल करून घेणारी नर्स मीच. फॉर्मात वजनाचा रकाना असतो. पेशंटला काट्यावर उभं राहता येत नसेल तर टेपनं दंडाचा घेर मोजून लिहायचा, असा नियम आहे. पण एका सकाळी अकरा पेशंट आले की नियम धाब्यावर बसतात.

"मास्तर, वजन किती?" मी विचारलं.

"अठ्ठावन्न."

मी लिहून मोकळी झाले.

ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण जखम काही भरेना. आठव्या दिवशी मी आहारतज्ज्ञ बाईंना बोलावलं. त्यांच्या गळ्यात कायम टेप असायची, म्हणून आम्ही पाठीमागे त्यांना टेपबाई म्हणायचो आणि होता होईल तो त्यांच्या वाऱ्याला उभं राहायचो नाही. एकेक रिकामा रकाना दाखवून त्या भर वॉर्डात लाज काढायच्या. मास्तरांची बाही वर करून त्यांनी टेप गुंडाळली. आकडा वाचायच्या आतच मास्तर म्हणाले, "पावणेआठ इंच."

बाईंनी टेप उलटी करून पाहिली. वीस सेंटिमीटरही भरत नव्हते. हा दंड अठ्ठावन्न किलोच्या माणसाचा नव्हता, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. डोळे लागतात, आणि ते मला होते.

"कधीपासून हे?" बाईंनी विचारलं.

"ही गेल्यापासून. दोन वर्षं झाली. एकट्यासाठी काय रांधायचं? चहा-बिस्किटांवर भागायचं."

"अहो, कपडे तर अंगाबरोबर बसलेत तुमचे."

"चार-सहा महिन्यांनी शिवण आत घेत होतो. गिऱ्हाईक बारीक झालं तर बोलून दाखवायचं नसतं, बाई. गुपचूप माप बदलून द्यायचं." एवढं बोलून ते मिश्कील हसले. बाई हसल्या नाहीत.

वॉर्डातला तरुण डॉक्टर 'कुपोषण' लिहायला तयार होईना. "हाड मोडलंय त्यांचं. कुपोषण लहान मुलांना होतं," तो म्हणाला.

बाईंचा पारा चढला. "पोट काय फक्त लहान मुलांनाच असतं? कागदावर आजाराचं नाव नसेल तर स्वयंपाकघरातून जास्तीचं दूधसुद्धा मिळत नाही. लिहा."

त्यानं मुकाट्यानं लिहिलं: तीव्र कुपोषण. त्याच दिवशी खाणं सुरू झालं, तेही बेताबेतानं, कारण उपाशी शरीरावर एकदम मारा केला तर तेही जिवावर बेततं. मास्तर वाटी चाटूनपुसून संपवत. चार दिवसांत चेहऱ्यावर जरा तरतरी आली आणि माझा जीव भांड्यात पडला. पण जखमेतला जंतुसंसर्ग तोवर रक्तात भिनला होता, आणि झुंजायला अंगात काही शिल्लकच नव्हतं. सतराव्या दिवशी मास्तर गेले. पहिले आठ दिवस हातात असते तर कदाचित वाचले असते, असं टेपबाई म्हणाल्या. ते आठ दिवस मी घालवले होते, दुसऱ्या कुणी नाही.

कागद न्यायला त्यांची मुलगी आली. लांब राहायची, दर रविवारी बापाला भेटून जायची. उभ्या उभ्या वाचता वाचता ती एका ओळीवर अडखळली.

"सिस्टर, हे तेवढं खोडा. लोक म्हणतील, लेकीनं बापाला उपाशी मारलं."

"ते खोडता येत नाही, ताई," मी म्हणाले. मग गप्प बसून भागणार नव्हतं. मी फाइलचं पहिलं पान उघडून तिच्यापुढे धरलं. "हा आकडा माझ्या हातचा आहे. मी मोजलं नाही. त्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. चूक माझी आहे."

ती चिडेल, तक्रार घेऊन मोठ्या साहेबांकडे जाईल, अशी मी तयारी ठेवली होती. ती बाकावर बसली आणि तिनं त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"मी दर रविवारी विचारायचे, बाबा, जेवता ना वेळेवर?" ती म्हणाली. "ते हो म्हणायचे. त्यांच्या स्वयंपाकघरातला एक डबाही कधी उघडून बघितला नाही मी."